हेअर ट्रान्सप्लांटसाठी पुण्यात सर्जन कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते. ट्रान्सप्लांट मी स्वतः करत नाही आणि कुणाकडे पेशंट पाठवून त्यातून काही मिळवतही नाही. म्हणूनच बहुधा लोक माझ्यासमोर दोन-तीन क्लिनिकची कोटेशनं मांडून बसतात आणि विचारतात, "मॅडम, यातलं कुठलं?" खालचे प्रश्न ओपीडीत आणि मेसेजवर सतत येणारे आहेत. डॉक्टरांची नावं मी सुचवणार नाही. तुमच्या हातात आलेलं नाव कसं पारखायचं, ते सांगते.

१. हेअर ट्रान्सप्लांट करायला नेमका कोणता डॉक्टर पात्र असतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दिल्लीत सलूनमध्ये ट्रान्सप्लांट करून घेतलेल्या एका तरुणाच्या मृत्यूचं प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं होतं, त्यानंतरची ही गोष्ट. या सूचनांनुसार दोन प्रकारच्या डॉक्टरांकडे या कामाचं मूळ शिक्षण असतं: प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेले, आणि त्वचारोगशास्त्रात एमडी किंवा डीएनबी करून त्वचेच्या शस्त्रक्रियांचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेले. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असंही त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

या दोघांत सरस कोण, हा पुढचा प्रश्न ठरलेला. केस का जाताहेत याचं निदान त्वचारोगतज्ज्ञाच्या रोजच्या कामातलं. चिरा, टाके, रक्तस्राव हे प्लास्टिक सर्जनच्या. दोन्हीकडे उत्तम माणसं आहेत. पदवी ही पहिली चाळणी. तिच्यातून पार झालेला डॉक्टर ट्रान्सप्लांट नियमित करतो की महिन्यातून एखाद्या वेळी, हे त्यानंतर बघायचं.

२. डॉक्टरची नोंदणी कशी तपासायची?

नोंदणी क्रमांक मागा. तो दवाखान्यात लावणं आणि प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येतं. एनएमसीच्या राष्ट्रीय नोंदवहीतही शोधता येतं. कौन्सिलने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही सुरू केला आहे. तो दवाखान्यात लावलेला असेल तर तिथल्या तिथे मोबाइलवर बघता येतं.

तीन गोष्टी बघा. नोंदणी चालू आहे का, कारण महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एमबीबीएसच्या पुढची पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवली आहे का. आणि नोंदणीतलं नाव पाटीवरच्या नावाशी जुळतं का. बाहेरच्या राज्यातून अधूनमधून येऊन शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतील, तर इथल्या कौन्सिलकडे त्यांची नोंद आहे का हेही विचारा.

३. पाटीवर खूप पदव्या आहेत. त्यातल्या खऱ्या कुठल्या?

एमडी दिसलं की विषय विचारा. एमडी मेडिसिन, एमडी पॅथॉलॉजी आणि एमडी स्किन यांत मोठा फरक आहे. ट्रायकॉलॉजिस्ट, कॉस्मेटॉलॉजिस्ट, हेअर एक्स्पर्ट ही नावं लावायला एमबीबीएससुद्धा लागत नाही. फेलोशिप हा शब्द वर्षभराच्या प्रशिक्षणालाही वापरतात आणि शनिवार-रविवारच्या कोर्सलाही, तेव्हा ती कुठे आणि किती महिन्यांची, ते विचारावं.

इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी किंवा भारतातल्या हेअर रिस्टोरेशन सर्जन्सच्या संघटनेचं सदस्यत्व ही चांगली खूण आहे. असा डॉक्टर निदान परिषदांना जातो, चार लोकांसमोर आपलं काम ठेवतो. मात्र सदस्यत्व ही पदवी नसते. प्रश्न १ मधली पात्रता नसेल, तर भिंतीवरची फ्रेम तिची जागा घेऊ शकत नाही.

४. डेंटिस्ट, होमिओपॅथ किंवा आयुर्वेदाचे डॉक्टर ट्रान्सप्लांट करू शकतात का?

बीडीएस, बीएचएमएस, बीएएमएस यांपैकी कुठलीही पदवी एनएमसीच्या सूचनांत बसत नाही. सीसीएमपी हा होमिओपॅथांसाठीचा कोर्स औषधशास्त्राचा आहे, त्यातून शस्त्रक्रियेचा अधिकार येत नाही.

डेंटिस्टच्या बाबतीत एक अपवाद चर्चेत असतो. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले सर्जन हेअर ट्रान्सप्लांट करू शकतात. त्वचारोगतज्ज्ञांचा आणि प्लास्टिक सर्जनचा याला विरोध आहे आणि वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर, जबड्याचा सर्जन कुशल असतो, पण टाळूचे आजार ओळखणं त्याच्या शिक्षणात नसतं, आणि ते का लागतं हे प्रश्न १३ मध्ये दिसेल. साध्या बीडीएसचा मात्र इथे प्रश्नच येत नाही. कानपूरमध्ये ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर दगावल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये पुढे आल्या, त्यात ज्यांच्यावर आरोप आहे त्या डेंटिस्ट आहेत.

५. डॉक्टरचं नाव मोठं आहे, पण शस्त्रक्रिया टेक्निशियन करतात असं ऐकलं. खरं का?

पुष्कळ ठिकाणी खरं आहे. या संपूर्ण पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल, तर हा वाचा.

कामाचे टप्पे समजून घ्या. आधी हेअरलाइन आखतात. मग भूल देतात. मग मागच्या केसांमध्ये, म्हणजे डोनर एरियात, एक मिलिमीटरहूनही बारीक पंचने, म्हणजे गोल पात्याच्या अवजाराने, एकेका मुळाभोवती गोल चीर देऊन ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा छोटा पुंजका, मोकळा करतात आणि चिमट्याने अलगद ओढून काढतात. पुढे टाळूवर बारीक स्लिट पाडतात आणि त्यांत ग्राफ्ट बसवतात. ग्राफ्ट मोजणं, वेगळे करणं, ओले-गार ठेवणं आणि सर्जनच्या देखरेखीखाली बसवणं ही टेक्निशियनची कामं जगभर मान्य आहेत. कित्येक टेक्निशियन त्यात फार तरबेज असतात, त्यांच्याशिवाय हे काम होतच नाही. भूल, पंच आणि स्लिट मात्र सर्जनच्याच हातात असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. केस त्वचेबाहेर एका कोनात दिसतो आणि आत त्याचं मूळ थोडं वेगळ्या कोनात वळलेलं असतं. पंच दोन-चार अंशांनी चुकला की मूळ कापलं जातं आणि तो केस कायमचा गेला. स्लिटचा कोन चुकला तर केस उगवतो, पण ब्रशसारखा सरळ उभा राहतो.

हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा कोटेशन घेऊन आला होता. ग्राफ्टचा आकडा, पॅकेजचं नाव, पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनांच्या) तीन फुकट बैठका, शाम्पूची बाटली, ईएमआयचा हप्ता, सगळं छापलेलं. सर्जनच्या नावापुढे लिहिलं होतं, 'एक्स्पर्ट टीम'. मी त्याला तिथूनच फोन लावायला सांगितला. पलीकडून उत्तर आलं, "सरच करतील." कोणते सर? "त्या दिवशी जे असतील ते."

म्हणून हे प्रश्न थेट विचारा: पंच कोण मारणार? स्लिट कोण पाडणार? डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतील का? त्या दिवशी त्यांचे आणखी किती पेशंट आहेत? अडीच हजार ग्राफ्टच्या एफयूईला, म्हणजे असे एकेक ग्राफ्ट काढून लावण्याच्या पद्धतीला, सहा ते आठ तास सहज लागतात. एकच सर्जन एका दिवशी चार पेशंट घेत असेल, तर पंच त्याच्या हातात नसणार हे उघड आहे. मिळालेली उत्तरं संमतीपत्रात, सर्जनच्या नावासकट लिहून मागा. पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं आहे. संमतीपत्र इंग्रजीत असेल आणि तुम्हाला मराठी सोयीचं असेल, तर मराठीत मागा. ते आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. टेबलवर झोपल्यावर सही करू नका.

६. पहिल्या भेटीत काय व्हायला हवं?

पहिली गोष्ट: डॉक्टर भेटायला हवा. काउन्सेलरने मार्करने कपाळावर रेघ मारली, फोटो काढला, आकडा सांगितला आणि टोकन मागितलं, तर तो सल्ला झाला नाही, ती विक्री झाली.

चांगला सर्जन आधी इतिहास विचारतो. केस कधीपासून जाताहेत, वडिलांचं आणि मामांचं टक्कल किती, कुठली औषधं चालू आहेत, रक्तदाब, मधुमेह, जखमेची खूण फुगते का. मग तो डर्मोस्कोप टाळूवर टेकवतो. आनुवंशिक टकलात भिंगाखाली जाड केसांच्या शेजारी अगदी तलम, लव्हेसारखे झालेले केस दिसतात. तसे केस पुढे आणि माथ्यावर असणं अपेक्षित आहे. तेच मागे, डोनर एरियातही दिसले, तर तिथले केस पुढे लावून ते टिकणार नाहीत. मागचे केस पुढे लावले तरी मागच्याच गुणधर्माने वाढतात, हे नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावर उभी आहे. मागचंच कच्चं असेल तर पुढे पक्कं कुठून येणार? ज्याने डोक्याची मागची बाजू भिंगाखाली बघितलीच नाही, त्याच्याकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

आणि डॉक्टर 'नाही' म्हणतो का, ते बघा. "अजून दोन वर्षं औषध घ्या, मग या" असं सांगणाऱ्या सर्जनवर माझा जास्त विश्वास बसतो.

७. चिकुनगुन्या किंवा डेंग्यूनंतर केस मूठमूठ गळताहेत. टँकरच्या पाण्यानेही टक्कल पडतं का?

मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. मुळं शाबूत असतात आणि बहुतेकांचे केस पुढच्या सहा-आठ महिन्यांत परत येतात. अशा वेळी ट्रान्सप्लांट सुचवणाऱ्या माणसाचं निदानच चुकलेलं आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात; आनुवंशिक टक्कल त्याने पडत नाही. पुण्यात नोकरीला आल्यावर केस जायला लागले असं सांगणारे बहुतेक जण त्याच वयात आलेले असतात, ज्या वयात त्यांच्या वडिलांचेही गेले.

८. एका क्लिनिकने २,००० ग्राफ्ट सांगितले, दुसऱ्याने ४,५००. खरं कोण बोलतंय?

आधी दोघांकडून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या. एक, आकडा ग्राफ्टचा आहे की केसांचा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. त्यामुळे '४,००० केस' म्हणजे साधारण २,००० ग्राफ्टच. दोन, कुठला भाग भरायचा आहे. कपाळाकडचा ५० चौरस सेंटिमीटर भाग दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्टने भरायचा तर २,००० लागतात. माथाही धरला तर आकडा वाढणारच. सेंटिमीटर मोजून हिशेब मांडणाऱ्या डॉक्टरवर विसंबता येतं. नुसत्या फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर नाही.

आता यातली खरी मेख. डोनर एरिया ही आयुष्यभराची एकमेव शिल्लक आहे. बहुतेकांच्या डोक्यातून सगळ्या बैठका मिळून सहा-सात हजारांच्या घरात ग्राफ्ट निघतात, विरळ केसांच्या माणसाचे त्याहून कमी. तिशीत ४,५०० काढून पुढची रेघ दाट केली आणि चाळिशीत माथा उघडा पडला, तर भरायला काय उरलं? शिवाय एका दमात प्रमाणाबाहेर काढले तर मागची बाजू कसर लागलेल्या कापडासारखी दिसते आणि केस बारीक कापता येत नाहीत. म्हणून मोठा आकडा सांगणाऱ्याला विचारा: माझ्या डोनर एरियात दर चौरस सेंटिमीटरला किती ग्राफ्ट आहेत, त्यांतले तुम्ही किती काढणार आणि पुढच्या वीस वर्षांसाठी किती ठेवणार? ज्याने मोजलंय तो लगेच सांगेल.

शस्त्रक्रिया झाल्यावर एक केसाचे, दोन केसांचे, तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले ही नोंद आणि ट्रेचा फोटो मागून घ्या.

९. एफयूई, एफयूटी, डीएचआय, सफायर, रोबोट यांत चांगलं काय?

मुळात पद्धती दोनच. एफयूटीमध्ये मागून त्वचेची एक पट्टी काढून टाके घालतात, रेघेसारखी खूण राहते. एफयूईमध्ये एकेक ग्राफ्ट काढतात, ठिपक्यांसारख्या बारीक खुणा राहतात. बाकीची बरीचशी नावं अवजारांची आहेत: सफायर म्हणजे स्लिट पाडायचं पातं, डीएचआय म्हणजे पेनसारख्या अवजाराने ग्राफ्ट बसवणं. क्लिनिक आपल्या पद्धतीला वेगळं नाव देऊन जास्त पैसे लावत असेल, तर त्यात प्रत्यक्ष वेगळं काय करतात ते विचारा. पद्धतीच्या नावापेक्षा प्रश्न ५ चं उत्तर निकालावर कितीतरी जास्त परिणाम करतं.

१०. खर्चाची तुलना कशी करायची? विमा मिळतो का?

दर ग्राफ्टचा भाव विचारा आणि त्यात काय धरलंय ते लिहून घ्या: भूल, औषधं, पुढच्या तपासण्या, जीएसटी. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असला तरी हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया त्यातून वगळल्या आहेत, त्यांवर १८ टक्के लागतो. समजा, ३० रुपये दराने ३,००० ग्राफ्टचे ९०,००० झाले, तर करासकट १,०६,२०० होतात. जन्मजात दोष, अपघात किंवा भाजल्यामुळे करायची असेल तर कराची सूट लागू होऊ शकते. तसं असेल तर आधी बोला. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा मिळत नाही.

'बिल नको असेल तर कर नाही' हे मान्य करू नका. उद्या काही बिघडलं, तर शस्त्रक्रिया तिथेच झाली हे सांगणारा तुमच्याकडचा पहिला कागद ती पावतीच असते. 'आजच टोकन भरा, उद्या भाव वाढेल' म्हणणाऱ्याला उद्याच भेटा.

११. आधी-नंतरचे फोटो आणि रिव्ह्यू किती मानायचे?

थोडेच. ओले केस आणि वाळवून विंचरलेले केस, वरून पडणारा दिवा आणि समोरचा दिवा, एवढ्याने दाटपणा दुप्पट दिसतो. फोटो बघायचेच तर एकाच उजेडात, एकाच कोनातून, मागच्या बाजूचेही आणि निदान वर्षभरानंतरचे बघा. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करायला २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरला मनाई आहे. त्यामुळे मोठमोठे फलक लावणारी बहुधा कंपनी असते. तुमचा सर्जन कोण, हे त्या फलकावर नसतं. त्याच सर्जनच्या, तुमच्यासारखेच केस गेलेल्या एक-दोन जुन्या पेशंटशी त्यांच्या परवानगीने प्रत्यक्ष बोलता आलं, तर ते दोनशे रिव्ह्यूंपेक्षा मोलाचं.

१२. भूल तर स्थानिकच असते. मग जिवाला धोका कसला?

धोका कमी आहे, शून्य नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला. एका दमात ९,००० हून जास्त ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

भुलेसाठी लिडोकेन वापरतात. अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेल्या लिडोकेनची रूढ मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम, आणि एकूण ५०० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं औषध असेल तर साधारण २४ मिलिलिटर. दिवसभर पुन्हा पुन्हा सुई टोचताना हा हिशेब कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. तो चुकला तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणून खोली बघायला मागा. ऑपरेशन थिएटर वेगळं आहे का, मॉनिटर, ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर आहे का, लिडोकेनच्या विषबाधेवर देतात ते २० टक्के लिपिड इमल्शन ठेवलेलं आहे का, आणि अडचण आली तर कुठल्या आयसीयूत नेणार, ते ठरलंय का. बाणेर-वाकडकडून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रुग्णवाहिका किती वेळात कुठे पोहोचेल, हा पुण्यात खराखुरा प्रश्न आहे. पेशंटला दाखल करून घेणारं रुग्णालय असेल तर महाराष्ट्र नर्सिंग होम्स कायद्याखाली महापालिकेची नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर असतं.

शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी) न करता तारीख देणारी जागा टाळा.

१३. मला चाई पडली आहे / टाळूवर गुळगुळीत चट्टा आहे. ट्रान्सप्लांट होईल का?

चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करते. नवीन लावलेल्या केसांवरही ती हल्ला करू शकते, त्यामुळे आधी औषधोपचार. बऱ्याचदा केस आपोआपही येतात.

याहून फसवे आजार म्हणजे मुळं नष्ट करून व्रण ठेवणारे, जसं लायकेन प्लॅनोपायलॅरिस. दिसायला साधं टक्कल वाटतं, पण खाज, आग, केसांच्या मुळाशी लालसरपणा आणि खपली असते. ते सुरू असताना शस्त्रक्रिया केली तर लावलेले केस जातातच, आजारही भडकू शकतो. शंका असेल तिथे बायॉप्सी करतात आणि आजार निदान वर्ष-दोन वर्षं शांत राहिल्यावरच विचार करतात. ससूनच्या त्वचारोग ओपीडीत अत्यल्प खर्चात निदान होऊ शकतं. आधी तिथे जा, मग सर्जन शोधा. भाजल्याच्या किंवा अपघाताच्या जुन्या व्रणावर मात्र ट्रान्सप्लांट होतं. तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने केस थोडे कमी रुजतात.

१४. मुलगा २२ वर्षांचा आहे, स्थळं बघायला सुरुवात करायची आहे. आत्ताच करून घ्यावं का?

आईवडिलांकडून येणारा हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बाविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे कुणीच सांगू शकत नाही. आज पुढे दाट रेघ भरली आणि तिच्यामागचे मूळचे केस जात राहिले, तर तिशीत कपाळावर केसांचा एक पट्टा आणि मागे मोकळी जागा असं दिसतं. सर्जन साधारण पंचविशीपर्यंत थांबायला सांगतात. तोवर मिनॉक्सिडिल आणि योग्य त्या मुलांना फिनास्टेराइड देऊन केस टिकवता येतात. फिनास्टेराइड डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्या. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी जाणवते, ते आधी समजून घ्या. कॉलेजातल्यासारखी खाली हेअरलाइन आखून देणारा सर्जन मुलाच्या पन्नाशीचा विचार करत नाही. भुवयांच्या मध्यापासून सात ते नऊ सेंटिमीटर वर ही बहुतेक पुरुषांना शोभणारी आणि पुढेही निभावणारी जागा.

१५. लग्नाच्या किती आधी करावं?

वर्षभर आधी. लावलेले केस पहिल्या दोन-आठ आठवड्यांत गळून पडतात, हे सामान्य आहे. तीन-चार महिन्यांनी नवे उगवायला लागतात, सहा ते नऊ महिन्यांत फरक दिसतो आणि पूर्ण निकाल बारा ते अठरा महिन्यांत. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल आणि दिवाळीत चौकशी करत असाल, तर लग्न उरकून निवांत करा. 'दोन महिन्यांत रिझल्ट' म्हणणारा खोटं बोलतोय.

१६. हेल्मेट कधीपासून घालता येईल?

बहुतेक सर्जन दहा ते चौदा दिवस थांबायला सांगतात, त्यानंतर सैल, स्वच्छ हेल्मेट. तोवर दुचाकीच चालवू नका. हेल्मेटशिवाय चालवणं हा पर्याय नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी घरी न्यायला माणूस बरोबर ठेवा.

१७. स्त्रियांना ट्रान्सप्लांट करता येतं का?

काहींना. स्त्रियांचे केस बहुधा सगळीकडूनच विरळ होतात, डोनर एरियासकट, त्यामुळे प्रश्न ६ मधली डर्मोस्कोपची तपासणी इथे अधिकच निर्णायक. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि गरज पडली तर पीसीओएसच्या तपासण्या. जन्मतः कपाळ मोठं असणं, घट्ट वेणी किंवा अंबाड्याने कानशिलाजवळचे केस कायमचे जाणं, जुने व्रण, अशा स्त्रियांना छान फायदा होतो.

१८. मधुमेह आहे / रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

साखर आटोक्यात असेल तर मधुमेह आड येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय स्वतःच्या किंवा क्लिनिकच्या सांगण्यावरून बंद करू नका. केसांसाठी स्टेंट धोक्यात घालायचा नसतो.

१९. तुर्कस्तानात स्वस्त पडतं म्हणतात. जावं का?

तिथेही उत्तम सर्जन आहेत आणि तिथेही टेक्निशियनवर चालणारे कारखाने आहेत. प्रश्न ५ तिथेही विचारा. अडचण नंतरची असते: आठव्या दिवशी पू झाला तर दाखवायचं कुणाला, आणि वाद झाला तर दाद कुठल्या देशात मागायची? दिल्ली-हैदराबादच्या पॅकेजलाही पहिली अडचण लागू आहे.

२०. माझं आधीच बिघडलंय. आता काय?

लगेच दुसरीकडे धावू नका. निकाल ठरायला बारा महिने द्या. पू, वाढत्या वेदना, काळी पडत जाणारी त्वचा किंवा ताप असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा. दुरुस्तीचं काम पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतं, म्हणून दुरुस्त्या नियमित करणारा सर्जन शोधा आणि त्याच्या दुरुस्त्यांचेच फोटो मागा. चुकीच्या जागी लावलेले ग्राफ्ट काढून पुन्हा वापरता येतात, मागे केस उरले नसतील तर दाढीचे केस काही प्रमाणात चालतात.

आधीच्या ठिकाणाहून सगळी कागदपत्रं लेखी अर्ज करून मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि नोंदी तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

२१. तक्रार कुठे करायची?

नोंदणीकृत एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, डेंटिस्टविरुद्ध राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे. नोंदणीच नसलेला माणूस शस्त्रक्रिया करत असेल तर तो महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे; पोलिसांत आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार द्या. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतलं क्लिनिक असेल तर तिथल्या महापालिकेकडे.

पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे, आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घेता येतं. तक्रारीला पावती, संमतीपत्र, ग्राफ्टची नोंद, तारखेसह फोटो आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि 'अजून सहा महिने थांबा, केस येतील' या उत्तरांत ती भराभर संपते.